टिटीकाकूंचा बोलिव्हिया

यमुनाबाई देवस्थळींना मिरजेच्या मुलींच्या शाळेत सगळ्या पोरी टिटीकाकू म्हणायच्या, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. दरवर्षी दक्षिण अमेरिकेचा धडा यायचा, टिटिकाका सरोवराचं नाव फळ्यावर उमटायचं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. बाई खडू खाली ठेवायच्या, घड्याळ बघून बरोबर एक मिनिट हसू द्यायच्या आणि मग म्हणायच्या, चला, आता काकांच्या गावाला जाऊ या. हे मला त्यांनीच सांगितलं, तेही चांगलं तिखटमीठ लावून.

मी मंजिरी डिसिल्वा. माहेर सांगली, नवरा वसईचा, म्हणून आडनाव हे असं. दोन हजार एक साली नर्स म्हणून इंग्लंडला आले. माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या हॉस्पिटलात कन्सल्टंटपासून पोर्टरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या दिवशी ते तोंड उघडायला हवं होतं, त्या दिवशी मी मूग गिळून बसले. ते मनात घेऊन मी गेली तीन वर्षं जगतेय.

बाईंचा मुलगा अंबरीश बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये. वडील गेल्यावर त्याने आईला शब्द दिला होता, की तू आयुष्यभर नकाशावर काठी आपटून दाखवलास तो देश तुला डोळ्यांनी दाखवीन. बाईंनी बोलिव्हिया निवडला. टिटिकाका अर्धा पेरूत आहे, पण पेरूला सगळेच जातात, असं त्यांचं म्हणणं. दोन हजार सहाच्या जूनची तिकिटं निघाली. एप्रिलमध्ये बाई इकडे आल्या, त्या सोबत दोनशे पानी वही घेऊनच. कुठल्या दिवशी काय बघायचं, कुठल्या गावाची उंची किती, तिथे दम लागू नये म्हणून किती दिवस मुक्काम करायचा, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि तीन आठवड्यांत डोळे पिवळे झाले, पाठीत कळा यायला लागल्या.

मे महिन्यात मायलेक आमच्या क्लिनिकमध्ये आले. मी डॉक्टरांच्या शेजारी उभी होते, बॅजवर डिसिल्वा. बाईंची एक गंमत होती, आणि त्या पिढीच्या कितीतरी शिक्षकांची असते. इंग्रजी वाचता झकास यायचं, पण गोरा माणूस बोलायला लागला की एक अक्षर कळत नसे. खरं तर अशा वेळी हॉस्पिटलने दुभाषा बोलवायचा असतो. अंबरीश म्हणाला, मी आहे ना, मी सांगतो. चालवून घेतलं सगळ्यांनी.

डॉक्टर भला माणूस. त्याने खुर्ची ओढून बाईंसमोर घेतली आणि त्यांच्याकडे बघत हळूहळू सांगितलं, की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय. पित्ताची वाट नळी घालून मोकळी करता येईल, त्याने बरं वाटेल. केमो दिली तरी फारसा उपयोग नाही. त्यावर अंबरीशने आईला काही न विचारता, केमो नको, असं इंग्रजीत सांगून टाकलं. मग डॉक्टरने विचारलं, काही करायचं राहिलंय का. अंबरीशच्या तोंडून बोलिव्हिया निघून गेलं. डॉक्टर म्हणाला, मग जरूर जा. हृदय, फुप्फुसं उत्तम आहेत, उंचीवर सावकाश चढा, लागतील ती पत्रं मी देतो. हा उन्हाळा त्यांच्या हातात आहे, त्याचं सोनं करा.

बाई मुलाच्या तोंडाकडे बघत होत्या. अंबरीश त्यांच्याकडे वळून मराठीत म्हणाला,

"आई, साधी सूज आहे. उन्हाळाभर पूर्ण विश्रांती घ्यायला सांगितलीय. प्रवास पुढच्या वर्षी."

बाईंनी मान डोलावली आणि डॉक्टरला स्वच्छ इंग्रजीत थँक यू म्हटलं. मी तिथे होते. दोन्ही भाषा मला येतात. ते ऐकल्याबरोबर डॉक्टरला बाजूला घेऊन सांगणं हे माझं काम होतं, नोकरीच होती ती माझी. माझे पाय जागचे हलले नाहीत. घरचा मामला आहे, आपण कोण मध्ये पडणार, असलं काहीतरी डोक्यात आलं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी सवयीने विचारून गेले, काकू, चहा आणू का. बाईंचा चेहरा खुलला, अगं बाई, आपल्याकडचीच की ही. अंबरीश मात्र पांढराफटक पडला. बाई बाथरूमला गेल्या तेव्हा त्याने माझे दोन्ही हात धरले. बाबांच्या वेळी आईनेच डॉक्टरांना गळ घातली होती, यांना कळू देऊ नका म्हणून. बाबा शांत गेले हो. मला दुसरं काही येत नाही. असं म्हणून एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला. मी म्हटलं, नाही सांगत. दिला शब्द, झाले सामील.

नळी घातल्यावर बाई खरंच टवटवीत झाल्या. मग मी दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागले, कधी डबा घेऊन, कधी नुसतीच. पापी मन घरी बसू देत नव्हतं, दुसरं काय. बाईंना वाटायचं, माहेरच्या ओढीने येते पोरगी. मला समोर बसवून त्या बोलिव्हिया शिकवायच्या. ला पाझ शहर डोंगरांच्या वाडग्यात कसं बसलंय, तिथल्या बायका घोळदार परकरावर साहेबी टोपी कशी मिरवतात. तिवानाकूच्या प्राचीन अवशेषांत एकाच दगडात कोरलेलं सूर्याचं दार. लाल पाण्याचं तळं आणि त्यात उभे रोहित पक्षी. सरोवराकाठी कोपाकबाना म्हणून गाव आहे, तिथे लोक नवी गाडी फुलांनी सजवून देवळासमोर आणतात आणि पाद्री येऊन तिच्यावर पाणी शिंपडतो. म्हणजे आपलीच गाडीची पूजा की गं, नारळ तेवढा नाही, असं म्हणून त्या खळखळून हसायच्या.

आणि उयुनी. शंभर शंभर किलोमीटर नुसतं मीठ, पांढरं, सपाट, क्षितिजापर्यंत. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाजच खाली यायचा. जन्मभर मीठ डब्यात बघितलं, म्हणायच्या, एकदा त्याच्यावर अनवाणी उभं राहायचंय.

विश्रांती मात्र त्यांनी शिस्तीच्या विद्यार्थिनीसारखी घेतली. जून गेला, जुलै गेला. बाहेर असं लखलखीत ऊन, की इथे दहा वर्षांत पडत नाही, आणि बाई खिडकीशी शाल घेऊन बसलेल्या. जिने चढत होत्या, पोळ्या लाटत होत्या. अंबरीश त्यांना साधं विंडसरलासुद्धा नेईना, दगदग नको म्हणे. सूनबाई वरदा एकदा त्याच्याशी कडकडून भांडली, पण तिचंही काही चाललं नाही. जुलैत एकदा घरात आम्ही दोघीच होतो. बाईंनी विचारलं, मंजिरी, सूज उतरतेय ना गं माझी? कुणी ऐकत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. मी म्हटलं, उतरेल की हो काकू. त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

सप्टेंबरात त्यांनी अंथरूण धरलं. आमच्याकडे डॉक्टरच्या पत्राची एक प्रत पेशंटच्या नावे घरी जाते. अंबरीश ती टपालातूनच उचलायचा आणि फाडायचं मन होईना म्हणून कपाटात, वरदाच्या साड्यांखाली ठेवायचा. ऑक्टोबरात थंडी वाजली म्हणून बाईंनी धरून धरून कपाटापर्यंत जाऊन जाड शाल ओढली, आणि शालीबरोबर मे महिन्याचं पत्र बाहेर आलं. वाचता तर येतच होतं. बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

मला फोन आला, एकटी ये म्हणून. बुधवार होता, दुपारचे तीन. पत्र उशीखाली होतं. मला वाटलं, आता लेकाला शिव्या घालतील. तसं काही झालं नाही. अंबरीशला त्यांनी दुखवलंच नाही, पत्र सापडलं हेही शेवटपर्यंत त्याला कळू दिलं नाही. माझ्या नवऱ्याशी मी जे केलं तेच माझ्या लेकाने माझ्याशी केलं, असं म्हणाल्या. ह्यांनाही कुठेतरी जायचं असेल, मी कधी विचारलंच नाही. मग माझ्याकडे वळल्या.

"तो माझा मुलगा आहे. पण तू तर परकी होतीस ना गं? तू तरी सांगायचंस."

मी रडायला लागले. माफी मागितली, काय काय बरळले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, वर्गाला थांबवावं तसं. म्हणाल्या, रडणं पुरे. डॉक्टर त्या दिवशी काय बोलला ते आता नीट सांग, शब्द न् शब्द, काही गाळू नकोस. मी सांगितलं. हृदय, फुप्फुसं उत्तम. सावकाश चढा. लागतील ती पत्रं देतो. हा उन्हाळा हातात आहे.

बाईंनी डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर मोजलं. जून, जुलै, ऑगस्ट.

"तिकडे तेव्हा हिवाळा. पाऊस नसतो, मीठ अगदी कोरडं असतं," त्या म्हणाल्या. "जायचे तेच दिवस होते गं."