हमूदची सुलेमानी घटका

माझा भाऊ हमूद कोट विकायचा, पण दुकानात बसून नव्हे. सना शहराच्या जुन्या बाजारात दंडावर पाच-सहा वापरलेले कोट टाकून तो गर्दीत घुसायचा आणि बोली पुकारत फिरायचा. एका टोकाला कुणी भाव सांगितला की दुसऱ्या टोकाला जाऊन तो चढवून ओरडायचा, तिथून पुन्हा परत. त्याचा आवाज असा दणदणीत की शेजारच्या मनुकेवाल्याला गिऱ्हाइकाशी हातवारे करून बोलावं लागायचं. मनुकेवाला रोज शिव्या घालायचा आणि रोज त्यालाच चहा पाजायचा.

तोच आवाज घरी यायचा. घर आमचं उंच आणि अरुंद, सगळ्यात वर पुरुषांची बैठक, तिच्या खालच्या खोलीत आम्ही बायका. नवरा गेल्यापासून मी भावाकडेच राहते, त्यामुळे त्या छतातून किती बडबड गळते ते मला विचारा. माझी भावजय लुत्फिया म्हणायची, "रेडिओ बंद तरी करता येतो."

दुपारी दगडी भांड्यातला उकळता सल्ता, म्हणजे मटणाचा रस्सा, रोटीने पुसून खाल्ला की मंडळी जमायची. प्रत्येकाच्या काखेत क़ातची, त्या तरतरी आणणाऱ्या पाल्याची, आपापली जुडी. कोवळी पानं एकेक करून खुडायची, चावून डाव्या गालात साठवायची, वर पाणी प्यायचं, मध्ये हुक्क्याची नळी फिरवायची. पहिले दोन तास सगळे एकदम बोलतात. कुणी सरकार पाडतं, कुणी मुलीचं लग्न ठरवतं. मग ऊन खिडकीच्या रंगीत काचांवरून उतरलं की बोलणं आपोआप विरतं आणि जो तो आपल्यात बुडून जातो. त्या वेळेला आम्ही सुलेमानी घटका म्हणतो. त्या घटकेत कुणी कुणाला हाक मारत नाही, काय झालं म्हणून विचारत नाही. तसं करणं अडाणीपणाचं मानतात.

माझ्या भावाने तो अडाणीपणा जन्मभर केला.

"हमूद, अरे सुलेमान बादशहाचे जिन्नसुद्धा तुझ्यापुढे हात टेकतील," शायफ वैतागून म्हणायचा. शायफ कापडवाला, हमूदचा लहानपणापासूनचा जिवलग. "घटकाभर तोंड मिट ना!"

"मी गप्प बसलो तर तुला तुझेच विचार ऐकू येतील. झेपतील का?"

यावर सगळी बैठक हसायची आणि घटका पार विस्कटायची. खाली आम्हीही हसायचो.

थंडीच्या सुरुवातीला हमूद जिन्यात थांबायला लागला. एका मजल्याच्या वळणावर भिंतीला हात टेकून उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणाला, "छातीवर कुणी तरी बसलंय, आणि उठायचं नाव घेत नाही." दुखणं यायचं ते दुपारनंतरच, पानं गालात मुरली आणि हुक्क्याची दुसरी चिलीम पेटली की. डावा हातही जड व्हायचा.

उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. फवारा! शेतकरी हल्ली पानांवर कीड मारायचं विष फवारतात आणि दुसऱ्याच दिवशी खुडून बाजारात आणतात. पान चांगलं, विष वाईट, असं आमच्या शहरात लहान पोरही सांगेल. मग हमूदने क़ातवाला बदलला. पुन्हा दुखलं, पुन्हा बदलला. लुत्फिया प्रत्येक जुडी मिठाच्या पाण्यात घालायची, पान न् पान चोळून धुवायची आणि फडक्यावर पसरून सुकवायची. इतकं तर ती भाजीही निवडत नसे. शेवटी शायफने कुठल्या तरी डोंगरातला एक म्हातारा शेतकरी शोधून काढला. त्याने म्हणे मुलांची शपथ घेतली होती की माझ्या झाडांना पावसाशिवाय काही लागत नाही. शायफ स्वतः पहाटे उठून ती जुडी आणायचा, हमूदच्या मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "खा. आईच्या दुधासारखी स्वच्छ आहे."

दुखणं एखादा आठवडा गेलं की हमूद त्या म्हाताऱ्याला दुवा द्यायचा. पुन्हा आलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. हुक्क्यावर मात्र कुणी संशय घेतला नाही. हुक्का बिचारा घरचाच, वडिलांच्या वेळचा.

त्या दिवशी आम्ही दोघी खाली किश्र, कॉफीच्या टरफलांचा काढा, पीत बसलो होतो. वर नेहमीचा गलका झाला, मग उतरत गेला. ऊन गेलं. मी जरा डोळे मिटले. एवढ्यात लुत्फियाने पेला खाली ठेवला.

"ऐकलंस?"

"काय?"

"काहीच नाही. हमूद बोलत नाहीये."

"चांगलंच आहे की. एक दिवस तरी त्या बिचाऱ्यांना सुख."

ती छताकडे बघत राहिली. मग उठली आणि ओढणी डोक्यावर धड न घेताच जिन्याकडे निघाली. मी म्हटलं, "अगं वेडी की काय, वर परके पुरुष बसलेत!" तिने ऐकलं नाही.

आमच्याकडे पुरुष जिना चढताना मोठ्याने "अल्लाह, अल्लाह" म्हणत चढतात, म्हणजे बायकांना आडोशाला व्हायला वेळ मिळतो. लुत्फिया त्या दिवशी तसंच ओरडत चढली. बाईच्या तोंडची ती हाक ऐकून वर काय तारांबळ उडाली म्हणता! आता आडोशाला व्हायचं कुणी, तेच त्या शहाण्यांना कळेना. एकाने उशी तोंडावर घेतली. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिच्या मागोमाग दारात पोचले तेव्हा शायफ खाली मान घालून, लुत्फियाला रीतीप्रमाणे तिच्या मुलाच्या नावाने हाक मारत म्हणत होता, "उम्म सालेह, काही नाही झालं. बसलाय निवांत. शिकला एकदाचा."

हमूद डाव्या कोपरावर रेलून बसला होता, रोज बसायचा तसाच. गाल फुगलेला. कपाळावरून घाम ओघळत होता, आणि चांगलं पान लागलं की घाम येतो, त्याला सगळे नशीब समजतात. म्हणून दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांनी त्याच्याकडे पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, आज याचं छान लागलंय. त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. डोळे उघडे होते आणि तो लुत्फियाकडे असा बघत होता की ते मी अजून विसरू शकत नाही.

तिने सगळ्यांच्या देखत त्याच्या तोंडात बोटं घातली आणि गालातला हिरवा गोळा ओढून बाहेर काढला. मग शायफवर खेकसली, "बघत काय बसलात? उचला त्याला!"

बोलत नव्हता कारण बोलता येत नव्हतं. आणि हाक कुणी मारली नाही कारण ती सुलेमानी घटका होती. मी कुणाला दोष देत नाही. पण राग येतो, आजही येतो.

त्या अरुंद जिन्यातून त्याला गोधडीत घालून खाली कसं आणलं ते त्या माणसांनाच ठाऊक. दवाखान्यातल्या डॉक्टरने हृदयाचा आलेख काढला, सुया टोचल्या, धावपळ केली. हमूदचं नशीब की लवकर पोचलो. सगळं जरा निवळल्यावर शायफने हळूच विचारलं, "डॉक्टर, पानं फवारलेली होती का?"

डॉक्टरच्याही डाव्या गालाला फुगवटा होता. "फवारा वाईटच," तो म्हणाला, "पण धुतलेल्या पानानेही हेच झालं असतं. पान हृदयाला पळवतं आणि त्याच्या नळ्या आवळतं, वरून तंबाखूचा धूर तेच करतो. पळणाऱ्या माणसाचा गळा दाबल्यासारखं आहे हे. रोज याच वेळेला येतात माझ्याकडे. यापुढे याला पान नाही, हुक्का नाही, सिगारेट नाही. पुन्हा झालं तर मी काही करू शकणार नाही."

"आणि तुम्ही?" मी विचारलं. माझी जीभ मला कधी ऐकत नाही.

त्याने गालाला हात लावला. "मला सगळं माहीत आहे, मावशी," म्हणाला आणि निघून गेला.

हमूद घरी आला. पहिले काही दिवस झोपला, मग सगळ्यांवर चिडला, मग नुसता बसून राहिला. बैठक शायफकडे हलली. आमच्या वरच्या खोलीत उशा रांगेने मांडलेल्या आणि माणूस एकही नाही. दुपारी ज्याच्या गालात पान नाही त्याच्याशी या शहरात कोण बोलणार? धंद्याच्या गोष्टी तिथे, बातम्या तिथे, भांडणं मिटायची तीही तिथेच. हमूद खिडकीत बसून गल्लीतून जाणाऱ्यांच्या काखेतल्या जुड्या बघायचा. एकदा मला म्हणाला, "मला वाचवलंत खरं, पण ठेवलंत कुठे?" लुत्फिया उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

उन्हाळ्यात शायफ न्यायला आला. "नुसता बस आमच्यात. किश्र पी. चघळू नकोस. कोण खातंय तुला?"

लुत्फियाने दाराआडून विचारलं, "शायफ, माझा माणूस मला परत मिळेल?"

"माझ्या डोळ्यांची शपथ, उम्म सालेह."

त्या दुपारी आम्हा दोघींचं कशातच लक्ष लागेना. ती भाकरीचं पीठ मळतच राहिली. अंधार पडताना हमूद आला, सावकाश जिना चढला, आमच्याजवळ येऊन बसला. लुत्फियाने आधी त्याच्या गालाकडे पाहिलं. गाल सपाट होता.

"बोल ना," ती म्हणाली.

"छान झालं सगळं. पहिल्यासारखंच. माझीच टिंगल." आमच्या बैठकीत आपल्या जुडीतला सगळ्यात कोवळा शेंडा खुडून जिवलगाच्या मांडीवर फेकायची रीत आहे. पडलेला शेंडा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. हमूद पुढे म्हणाला, "शायफने शेंडा फेकला. सवयीने. हात आधी हलला, डोकं मागून आलं. सगळ्यांनी पाहिलं."

"मग?" मी विचारलं.

"मग तो उठला. बैठक ओलांडून माझ्यापर्यंत आला आणि दिलेलं परत घेतलं. सगळ्यांसमोर. रडत होता गाढव."

लुत्फियाने डोळे पुसले. "अल्लाह त्याचं भलं करो. आणि तू काय केलंस?"

हमूदने आपला उजवा हात समोर धरला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत राहिला.

"मी शेंडा सोडत नव्हतो," तो म्हणाला. "त्याला माझी बोटं एकेक करून उघडावी लागली."