बत्तीकाकांचा हिरवा उजेड

बत्तीकाका कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघायचे. माणसं नंतर. सत्यनारायणाला गेले तरी तीर्थप्रसादाच्या आधी त्यांची नजर छताला जायची आणि यजमानांना ऐकून घ्यावं लागायचं, "ही ट्यूब फडफडतेय. स्टार्टर गेलाय. मतलब, आजचं ठीक आहे, पण उद्या बदला." यजमान हो म्हणायचे आणि विसरायचे. काका विसरायचे नाहीत. दोन दिवसांनी स्वतःच स्टार्टर घेऊन दारात उभे.

ते रेल्वेत ट्रेन लायटिंगला होते. गाडीच्या डब्यांतले दिवे आणि पंखे गाडी सुटण्याआधी तपासून द्यायचे, हे त्यांचं काम. स्टेशनवरचे लोक त्यांना 'बत्तीवाले साहब' म्हणत. आम्ही जयपूरच्या बनी पार्कातल्या चार-दोन मराठी बिऱ्हाडांनी त्याचं बत्तीकाका करून टाकलं. माणूस मूळचा भुसावळचा, पण अर्धं आयुष्य हिंदी मुलखात गेलेलं. माझ्या नवऱ्याची विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली तेव्हा मी नाशिकहून नवं लग्न करून गेलेली. एकाच घरात खाली काका-काकू आणि वर आम्ही, असे सहा वर्षं राहिलो. दोन हजार सालानंतरचीच ती वर्षं.

काकू कणकवलीकडच्या. माहेरच्या घरामागे व्हाळ, म्हणजे बारमाही वाहणारा ओढा, आणि खिडकी उघडली की हिरवं. जयपुरात खिडकी उघडली की धूळ. सुरुवातीची दोन वर्षं त्यांनी सोसलं. मग एका उन्हाळ्यात, लू, म्हणजे तिकडचा भाजणारा वारा, वाहत असताना, भाजी निवडता निवडता त्या शांतपणे म्हणाल्या, "मी आता तिकडेच जाऊन राहते. तुम्ही रिटायर व्हा नि या." रिटायर व्हायला अजून पाच वर्षं होती. काकूंचा आवाज भांडणाचा असता तर काका घाबरले नसते. हा आवाज ठरवून झालेला होता. मी ताक घेऊन खाली गेले होते, ते पेला तसाच हातात धरून परत वर आले.

दुसऱ्या दिवशी काकांनी काचेची पेटी आणली. हात-सव्वा हात उंच, पलंगाएवढी लांब. मला वाटलं मासे पाळणार. मासे आले, पण ते नावाला. काकांना पाण्याखाली बाग करायची होती. अंगणात लावलेली तुळस जिथे जूनपर्यंत धड टिकत नव्हती, तिथे निदान पाण्यातलं तरी कुणी वाळवू शकणार नाही, असा त्यांचा हिशोब. बांधकामाची बजरी आणून त्यांनी ती सोळा वेळा धुतली. सतराव्यांदा काकूंनी नळ बंद केला.

मग दिव्याची निवड. ती त्यांच्या हातून सुखासुखी होणं शक्यच नव्हतं. शहरातल्या सोडाला भागात मासे विकणारं एक दुकान होतं, तिथे ते मला सोबत घेऊन गेले. दुकानदाराने झोकात एक निळा दिवा लावून दाखवला. "भाईसाहब, ये ले जाओ. मछली चमकेगी."

"मछली नहीं," काका म्हणाले, "घास चमकानी है."

दुकानदाराने मग एक गुलाबी काढला, मग एक पिवळा बल्ब. काका प्रत्येकाखाली हात धरून बघत होते. परत येताना त्यांनी स्कूटरवरून मला मागे वळून सांगितलं, आणि समोरच्या उंटगाडीवर जाता जाता आम्ही वाचलो. "बेटा, निळा दिवा आम्ही डब्यात झोपायला लावतो. त्याच्यात जेवायचं नसतं. आणि झाडं उजेड खातात. पिवळा बल्ब नुसता पाणी तापवतो. पांढरा पाहिजे, दुपारच्या उन्हासारखा." शेवटी त्यांनी साध्या पांढऱ्या ट्यूबा घेतल्या आणि पेटीचं झाकण स्वतः बनवलं. आतून चुना मारला, सगळा उजेड खाली जावा म्हणून.

उजेड पुरेसा आहे की नाही हे बघायची त्यांची रीत स्वतःची होती. पेटीच्या मागे, अगदी बजरीच्या पातळीला, वर्तमानपत्र धरायचं आणि पुढून पाण्यातून वाचायचं. "खालच्या बर्थवाल्याला पेपर वाचता आला पाहिजे," ते म्हणत. वर्तमानपत्र धरायचं काम माझ्याकडे असे. जमिनीवर पालथी पडून मी पेपर धरलाय, काका पुढे उकिडवे बसून राशिभविष्य वाचतायत, आणि काकू पोळ्या लाटता लाटता विचारतायत, "मिथुनेचं काय म्हणतंय?" असा तो कार्यक्रम दर रविवारी चाले.

दिव्याचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं. सकाळी नऊला चालू, संध्याकाळी पाचला बंद. यात मिनिटाची सूट नाही. जयपूरच्या उन्हाळ्यात वीज जायचीच. चाळीस मिनिटं गेली की काका वेळापत्रकाखाली पेन्सिलीने 'चाळीस मिनिटं लेट' असं लिहीत आणि त्या दिवशी पाच चाळीसला दिवा बंद करत. मी एकदा म्हटलं, झाडांना काय कळतंय. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा तो विषय मी काढला नाही.

बाजारातली लांब पात्यांची झाडं धरली. काकू रोज बघायच्या, बरं आहे म्हणायच्या. पण जायचं बोलल्या त्या दिवशी त्यांनी आपली बॅग माळ्यावरून खाली काढली होती, ती वर गेली नव्हती. मे महिन्यात त्या माहेरी गेल्या आणि आम्ही सगळ्यांनी मनात धरलं की आता काही येत नाहीत.

त्या आल्या. स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी व्हाळातलं एक रोप आणलं होतं. गवतासारखी लांब, कडेला किंचित मुरडलेली पानं. दोन दिवसांच्या प्रवासात दर स्टेशनला त्यांनी फडक्यावर पाणी शिंपडलं होतं. त्यांनी स्वतः बाही वर करून ते बजरीत लावलं आणि म्हणाल्या, "हे जगलं तर मीही राहते."

त्या हसत म्हणाल्या होत्या. काका हसले नाहीत.

आठवड्यात त्या रोपाची सगळी पानं विरघळली. अक्षरशः पाण्यात शेंबूड व्हावा तशी. मी म्हटलं, काका, गेलं हे, काढून टाका. ते म्हणाले, "पानं बघू नकोस. मूळ घट्ट आहे. नवी जागा आहे, जुनं सामान टाकून देतंय." महिनाभर ते एका रिकाम्या बुंध्याला नऊ ते पाच उजेड देत राहिले. जुलैत एक दिवस काकूंची हाक वरपर्यंत आली, "इलां गो, पान इलां!" नवं पान आलं होतं, सुईएवढं. काकूंनी त्याच दिवशी बॅग माळ्यावर टाकली.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. त्यानंतरच्या गणपतीत काकू माहेरी गेल्या आणि काकांना त्याच वेळी ट्रेनिंगला जावं लागलं. आमच्या वरच्या बाहेरच्या खोलीत घरमालकांनी फरशी काढलेली. काका म्हणाले, "बाप्पा आमच्याकडे बसवा. घर बंद राहणार नाही." जाताना त्यांनी मला रीतसर चार्ज दिला. कागदावर लिहिलेलं: पेटी एक, ट्यूबा दोन, मासे अकरा (दिसतील तेवढे), काकूंचं रोप एक, पानं सात. खाली त्यांची सही, खाली माझी.

आमचा गणपती सात दिवसांचा. आमच्या घरची पद्धत अशी की बाप्पा असेपर्यंत त्याच्यासमोरचा दिवा विझू द्यायचा नाही. पण रात्री खाली कुणी नसणार, खिडकीचे पडदे उडणार, समई पेटती ठेवायची मला भीती वाटली. मूर्ती पेटीच्या शेजारीच होती. मी विचार केला, दिवा तो दिवा. समई निजताना शांत करायची आणि पेटीचा दिवा अखंड ठेवायचा. काय सुरेख दिसायचं ते. बाप्पाच्या अर्ध्या अंगावर हिरवा उजेड हलत असायचा. मी खूश होऊन माशांनाही रोज खिरापत घातली. पाचव्या दिवशी पाण्यालाच हिरवा रंग आला, तेव्हा मला वाटलं झाडं संतुष्ट झाली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. पेटीत तोपर्यंत पालकाचं सूप झालं होतं. मासे काचेला नाक लावतील तेव्हाच दिसत, आणि काकूंच्या रोपावर शेवाळाच्या झिंज्या. काकांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती तास?"

"सात दिवस," मी म्हटलं. कारण सांगितलं. खिरापतीचंही सांगितलं. मला रडू फुटलं, कारण काकू चार दिवसांनी येणार होत्या आणि त्या बॅगेची गोष्ट मला माहीत होती.

काका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी बटण बंद केलं, अर्धं पाणी उपसलं, आणि कपाटातून दोन जाड घोंगड्या काढून सबंध पेटी गुंडाळली. "गाडीला यार्डात जाऊ दे," म्हणाले. "चार दिवस पूर्ण काळोख. शेवाळ भुकेने मरेल. रोपाकडे मुळांत शिल्लक आहे, ते काढेल." मग घोंगडीचं टोक खोचत, "काढायला पाहिजे."

काकू आल्या तेव्हा घोंगड्या तशाच होत्या. मी चहा घेऊन उभी. काकूंनी पेटीकडे बोट केलं, "हे काय?"

मी तोंड उघडलं, त्याच्या आत काका म्हणाले, "मीच. ट्रेनिंगच्या गडबडीत दिवा चालू ठेवून गेलो. सात दिवस जळत राहिला."

तीस वर्षांत ज्या माणसाने एक डबा अंधारात किंवा एक दिवा फुकट जाऊ दिला नाही, त्याने हे सांगितलं. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी गप्प राहिले. माझी ती शरम अजून गेलेली नाही.

घोंगड्या काढल्या तेव्हा पाणी स्वच्छ झालं होतं आणि रोपाला दोनच पानं उरली होती, तीही तपकिरी. माहेराहून आणलेली बॅग काकूंनी उघडून रिकामी केली नाही, तशीच कोपऱ्यात उभी केली. काकांनी पुन्हा नऊ ते पाच सुरू केलं. रविवारचं राशिभविष्य बंद पडलं. मी रोज काही ना काही निमित्त काढून खाली जायचे आणि आधी बॅग बघायचे, मग रोप. दिवाळीची साफसफाई चालू असताना मधोमध एक नवं पान दिसलं, आणि चार दिवसांनी शेजारी दुसरं. त्या संध्याकाळी बॅग कोपऱ्यातून माळ्यावर गेली.

त्यानंतर मात्र काकूंनी काकांना सोडलं नाही. हळदीकुंकू असो, कोजागिरी असो, गोष्ट ठरलेली. "ट्रेन लायटिंगचा माणूस हो, आणि घरचाच दिवा विसरला." सगळे हसायचे. काका मान खाली घालून चिवडा खायचे. मी कितीदा खरं सांगायला निघाले, तर ते डोळ्यांनी मला गप्प बसवायचे.

काका रिटायर झाले आणि दोघं कणकवलीला निघाले. काकूंच्या माहेरी व्हाळ आहेच, म्हणून पेटी माझ्याकडे आली, त्या रोपाच्या आता झालेल्या गचपणासकट. वेळापत्रक भिंतीवरून सोलून काकांनी माझ्या हातात दिलं. स्टेशनवर सामान लावून झाल्यावर ते डब्यातली सगळी बटणं दाबून बघत शेवटच्या खणापर्यंत गेले. खिडकीशी काकू एकट्या होत्या. मी म्हटलं, "काकू, तो दिवा काकांनी नव्हता ठेवला. मी ठेवला होता."

"माहीत आहे गो," काकू म्हणाल्या. "हा माणूस आंघोळीला जाताना बाहेरच्या खोलीतला दिवा मालवून जातो. सात दिवस दिवा ठेवून गावाला जाईल होय?"

"मग इतकी वर्षं त्यांना बोलत का राहिलात?"

"बोलायची थांबले असते तर त्यांना कळलं असतं, की मला कळलंय. तुला वाचवलं याचं त्यांना किती बरं वाटत होतं, बघितलंस ना?"

गाडी हलली. काका दारात आले आणि त्यांनी पंजा दाखवला. टाटा करतायत असं फलाटावरच्या लोकांना वाटलं असेल. मला कळलं, पाच वाजता बंद.

काका वारले त्याला आता तीन वर्षं झाली. मी नाशिकला परत आले, रोप आलं, पेटी तीच. आपोआप दिवा लावणारी-मालवणारी यंत्रं मिळतात, मुलगी मागे लागते, पण मी घेत नाही. चार्ज माझ्याकडे आहे. काकू अधूनमधून फोन करतात, तोही नेमका पाचच्या पुढे. खुशाली नंतर, पहिला प्रश्न ठरलेला.

"बंद केलास ना गो?"

"केला, काकू."

"हां. नाहीतर पुन्हा त्यांच्यावर यायचं."