बोटभर जागा

कुठलीही वस्तू समोर आली की तो आधी हात पसरून तिच्यावर वीत टाकायचा, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "बसतंय की." फ्रिज जिन्यातून वर जाईल का, विचारा. बसतंय की. पंगतीत अजून पाहुणे आले, पानं पुरतील का? बसत्यात की. मला त्या शब्दांचा इतका राग यायचा की आमच्या गाळ्यांच्या रांगेत दुसऱ्या कुणी ते उच्चारले तरी माझं डोकं उठायचं.

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्याच्या दोन शब्दांवर एवढं काय जळायचं? तर ऐका. सोलापुरात कॉम्प्युटर जोडण्याचं आणि दुरुस्तीचं माझं दुकान आहे. त्या रांगेतलं पहिलं दुकान माझं. "मशीन जोडावं तर यांनीच," असं लोक म्हणायचे आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. मग शेजारचा गाळा ह्यानं घेतला. हा कोण? तर मंद्रूप ते सोलापूर वडाप चालवणारा माणूस. वडाप म्हणजे रस्त्यात हात करील त्याला भरत जाणारी जीप. ती जीप विकून, कुठंतरी कॉम्प्युटरचं काम शिकून आला होता. मी मनात म्हटलं, दिवाळीपर्यंत काय टिकत नाही हा.

टिकला. नुसता टिकला नाही, माझं गिऱ्हाईक माझ्याच दुकानासमोरून त्याच्या दुकानात जायला लागलं. "काय वायरी लावल्यात बघा," म्हणायचे. लावायचाच तसा लेकाचा. प्रत्येक वायर वेणी घातल्यासारखी वळवून, कडेला दाबून बसवायचा. बोटं बारीक आणि लांब. माझी बोटं म्हणजे केळी. त्यावरून तो मला सगळ्यांदेखत चिडवायचा, "मालक, तुमाला इस्क्रू दिसतोय, पर इस्क्रूला तुमचं बोट आधी दिसतंय. त्यो भिऊन पळतोय."

रांग हसायची. मीही हसायचो, काय करणार? सकाळचा चहा तो सांगायचा आणि मी प्यायचो. वैर वैराच्या जागी, चहा चहाच्या जागी.

तर मुख्य गोष्ट त्या पाण्यावरच्या कॉम्प्युटरची. पूर्व भागातली एक बाई टॉवेल आणि चादरींची डिझाइनं काढायची. खाली यंत्रमाग, वर पोटमाळ्यावर तिची बसायची जागा. टॉवेलच्या मागावर कापसाची तूस किती उडते ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. ती तूस कॉम्प्युटरच्या पंख्यात जायची, पंखे गुदमरायचे, आणि आमच्या उन्हाळ्यात मशीन दुपारचं आपोआप बंद पडायचं. मी ते साफ करून द्यायचो. पुन्हा भरायचं. शेवटी ती वैतागली आणि एक दिवस पिशवीतून ॲल्युमिनियमची एक छोटी पेटी काढून माझ्या काउंटरवर ठेवली. पोळ्यांचा डबा असतो ना घरात, त्याहून थोडी उंच.

"सर, भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात हीच बसते," ती म्हणाली. तिचं मराठी जरा तेलुगू हेलाचं. "सगळं यात पाहिजे. मोठं ग्राफिक्स कार्डसुद्धा. आणि थंड करायला पाणी पाहिजे, नळ्यांतून फिरणारं. मी व्हिडिओत बघितलं."

मी म्हटलं, "बाई, यात एवढं सामान जात नाही. आणि कॉम्प्युटरमध्ये पाणी? एक थेंब गळला तर सगळं बाद होईल. असलं काही होत नसतं."

ती पेटी उचलून निघालीच होती. तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातून हात आला. पेटीवर वीत पडली. एक डोळा बारीक झाला.

पुढचं मी सांगायला नकोच.

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते काही थांबेना. कारण उघड होतं. हे जमलं तर रांगेतलं पहिलं नाव त्याचं आणि मी "होत नसतं" म्हणणारा. जमलं नाही तर मी शहाणा. म्हणून मी अगदी मनापासून वाट बघत होतो, हे फसावं. निदान गळावं.

आणि फसत होतं! सामान आलं. चकचकीत रेडिएटर आला, म्हणजे पाणी थंड करायची जाळी. मुठीएवढा पंप आला, नळ्या आल्या. तो सगळं पेटीत ठेवून बघायचा आणि बाहेर काढायचा. रेडिएटर बसला की कार्डाचं टोक वर यायचं, कार्ड बसलं की पंपाला जागा नाही. मी चहा पीत पीत विचारायचो, "काय हो, कुठं घोडं पेंड खातंय?"

"जरासं," तो म्हणायचा. "जरासंच आडतंय."

बसतंय की म्हणाला नाही! त्या संध्याकाळी मी बायकोला मोगऱ्याचा गजरा नेला. तिनं गजरा घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आज कुणाचं वाईट झालं?" बायकोपासून काही लपत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उन्हानं ओस पडला होता आणि आम्ही रांगेतले सगळे दुकानदार त्याच्या दारातल्या बाकड्यावर सावलीला टेकलो होतो. म्हणजे तिघे टेकलो होतो, बाकीचे उभे. हा पेटीकडं बघून डोकं खाजवत होता. एकाएकी उठला आणि जीपच्या दारात उभं राहून ओरडावं तसा ओरडला, "चला, उभं ऱ्हाऊ नका, बसा! सरका मालक, तिकडं सरका!"

"जागा कुठाय?" मी म्हटलं.

"एक म्होरं, एक मागं. एक म्होरं, एक मागं!"

तुम्ही कधी वडापमध्ये बसला असाल तर हे तुम्हाला ठाऊक आहे. एकानं सीटच्या कडेवर पुढं सरकायचं, दुसऱ्यानं पाठ टेकून मागं, तिसऱ्यानं पुन्हा पुढं. खांद्याला खांदा अडत नाही आणि तिघांच्या जागेत पाच माणसं मावतात. आम्ही तसे बसलो. सवयीनंच बसलो. तो समोर उभा राहून आमच्या खांद्यांकडं असा बघत होता की मला वाटलं ह्याला ऊन लागलं. मग माझ्या खांद्यामागच्या फटीत त्यानं हात घातला, म्हणाला, "हितं पंप," आणि पळत आत गेला.

म्हणजे बघा! माझ्याच पाठीमागं त्याला पंपाची जागा सापडली. जागचा हललो नसतो तरी चाललं असतं, पण सरकलो. स्वतःच्या हातानं, छे, स्वतःच्या बुडानं मी त्याला जिंकवलं.

कार्ड पुढं सरकलं, मदरबोर्ड मागं गेला, रेडिएटर पुढं, आणि मधल्या तिरक्या फटीत पंप. मग नळ्यांचं काम. सरळ कडक नळी गरम हवेच्या बंदुकीनं मऊ करायची आणि ती पुन्हा कडक व्हायच्या आत हवी तशी वाकवायची. हे मी एरवी कबूल करणार नाही, पण मी माझं काम टाकून ते बघत बसायचो. नळी कोपरात वळायची ती एखाद्या बाईनं सहज हात मुडपावा तशी. बोटं अशी असतात एकेकाला. आम्हाला केळी.

मधूनच तो थांबायचा आणि उजवं मनगट डाव्या हातानं दाबून धरायचा. मी विचारलं तर म्हणाला, "उनाचं हाय."

शेवटची नळी बसवायच्या आधी तो माझ्या दुकानात आला. "मालक, बोट द्या जरा."

"कशाला?"

"द्या की!"

दिलं. त्यानं देवाच्या समईची एक कापसाची वात काढली, माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला गुंडाळली आणि माप धरून परत गेला. दारातला चपलांचा दुकानदार म्हणाला, "अंगठी करतोय काय मालकांना?" तो म्हणाला, "व्हय, साखरपुडा हाय." सगळी रांग खिदळली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जाड बोटांची थट्टा किती करावी माणसानं? त्या दिवशीचा चहा मी घेतला नाही.

वाती त्यानं भरपूर आणल्या होत्या, पूजेच्या दुकानातून. प्रत्येक जोडाला एकेक कोरडी वात बांधली, डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि नुसता पंप चालू केला. बाकीच्या मशीनला वीज नाही. कुठं गळत असेल तर ती वात आधी ओली होणार. डोळ्याला कळलं नाही तरी ओठाला कळतं म्हणून तो एकेक वात सोडून वरच्या ओठाला लावून बघायचा. आई पोराचा ताप बघते तसा. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, एक तरी ओली निघू दे. एकच. देवाला बोललोही असेन, आता आठवत नाही.

सगळ्या कोरड्या निघाल्या.

डिझाइनवाली आली, पेटी घेऊन गेली. पेटी कोनाड्यात बसली. एकच मोठा पंखा, संथ फिरणारा, त्यावर धुता येणारी जाळी. मे महिन्याच्या दुपारीसुद्धा मशीन चालू. तिनं पेढे वाटले, मलाही दिला. गोड होता, आणखी काय सांगू? त्यानंतर लोक पत्ता सांगताना माझ्या दुकानाला "त्या पाण्याच्या कॉम्प्युटरवाल्याच्या शेजारी" म्हणायला लागले. माझ्या दुकानाला! रांगेतल्या पहिल्या!

मी ठरवलं, ह्याच्याहून लहान पेटीत मशीन करायचं. घरी चोरून व्हिडिओ बघितले, नळ्या आणल्या, वाकवल्या. त्या सगळ्या जिलेब्या झाल्या. पण मी सोडणार नव्हतो. एकदा, फक्त एकदा, ह्याला माझ्या दुकानात उभं करायचं होतं आणि म्हणायचं होतं, बसतंय की.

आणि तो मैदानच सोडून गेला.

आधी बशीतला चहा सांडायला लागला. मग स्क्रू पडायला लागले. मग एक दिवस त्यानं गाळा रिकामा करायला काढला. मी विचारलं तर उजवा हात माझ्यासमोर धरला. वाऱ्यावर पान हलावं तसा हलत होता. "बोटं ऐकत न्हाईत, मालक. कवापासून चाललंय. डाक्टर म्हनला, आता हे वाढनार." आणि वर हसला. "गावाकडं शेळ्या हायत. शेळीला काय, हात हलला तरी चालतोय."

मी म्हटलं, "चहा सांगू का?" तो म्हणाला, "सांगा की." आमच्या ओळखीत मी सांगितलेला पहिला चहा तो. अर्धा सांडला.

आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. बाकडं उचलून नेलं. रांगेत पहिला पुन्हा मीच. त्यात काही राम नाही हो. हरवायला माणूस जागेवर तरी पाहिजे.

परवा सकाळी डिझाइनवाली ती पेटी घेऊन आली. पाणी बदलायची वेळ झाली होती. "त्यांना फोन केला," ती म्हणाली. "ते म्हणाले, मालकांकडंच द्या. त्यांच्याच हाताचं मशीन हाय ते."

माझ्या हाताचं? मी पेटी उघडली. आत सामान वडापच्या सीटवर बसावं तसं, एक पुढं, एक मागं. सुईला जागा नाही. पाणी सोडायचं बूच अगदी तळाशी. मी म्हटलं, झालं. इथं माझं बोट जायला सात जन्म लागतील. त्यालाच फोन लावला.

"उगडली का पेटी?" आवाज तोच. मागं शेळ्या ओरडत होत्या. "कार्डाच्या बाजूनं बोट घाला, मालक. उजव्या हाताचं पैलं."

मी घातलं. कार्ड आणि नळी यांच्यामधून माझं जाड बोट सरळ खाली गेलं, कुठंही न घासता, आणि बुचावर टेकलं. आजूबाजूला सगळं खच्चून भरलेलं, आणि तेवढी एवढी जागा मोकळी. त्याच्या बोटाला याच्या निम्मी पुरली असती. मला वातीचं ते माप आठवलं. हाताचं त्याला तेव्हाच कळलं होतं.

"जातंय का?" त्यानं विचारलं.

माझ्या मनातला मेला जळका माणूस लगेच जागा झाला. मी म्हटलं, "घट्ट होतंय जरा."

मग तो म्हणाला, "आसं कसं हुईल? मी मापलं हुतं की, मालक." आवाज पडला होता. "बगा की नीट. ऱ्हायली का काय चूक? आता मला न्हाय करता यायचं वो ते."

एवढी वर्षं जे हवं होतं ते माझ्या हातात आलं होतं. चूक राहिली, एवढंच म्हणायचं होतं.

"थांबा," मी म्हटलं. बोट तिथंच होतं, बुचावर.

"बसतंय," मी म्हणालो. "बसतंय की."