मावशींनी उपटलेल्या खुंट्या

माझं काम जमिनीखालच्या वस्तू शोधायचं. खोदाईच्या आधी यंत्र हातात धरून चालायचं. खाली केबल किंवा लोखंडी पाइप असला की ते वाजतं, तिथे चुन्याची फक्की टाकायची, म्हणजे जेसीबीवाला सावध होतो. इतकी वर्षं हेच करून मला थोडी शिंगं फुटली होती. ती मिरजगावच्या अलीकडे एका मावशींनी उतरवली, तीही चहा पाजून.

तिथे रस्त्याच्या कडेने गटार खोदायचं होतं. मावशींची विहीर रस्त्याच्या एका अंगाला, लिंबाची बाग दुसऱ्या अंगाला, आणि पाइपलाइन रस्त्याखालून. ती त्यांच्या मालकांनी स्वतः टाकलेली. मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. भर उन्हाळा, झाडं लिंबांनी लगडलेली. पाइप फुटला तर नवा पडेपर्यंत बाग जळून जाईल, हे मावशींनी मला फोनवर तीनदा सांगितलं. मी रुबाबात म्हणालो, "काळजी सोडा. मी यायच्या आत रानातलं सगळं लोखंड तेवढं उचलून ठेवा, नाहीतर यंत्र फसतं."

पोचलो तर रान अंगणासारखं स्वच्छ. विळे, पत्रे, नांगराचा जुना फाळ, सगळं गोठ्यामागे रचलेलं. शेजारी गंजलेल्या लोखंडी खुंट्यांची जुडी, सुतळीने बांधलेली.

"ह्या कसल्या?"

"आमच्या मालकांनी ठोकल्या हुत्या, पाइप जितून गेलाय तितं तितं. तुमी लोखंड उचला म्हनला, मग उपटल्या. भोकं पन बुजवली."

यंत्र घेऊन दोनदा फिरलो. चकार आवाज नाही, कारण पाइप प्लास्टिकचा होता आणि आमच्या यंत्राला प्लास्टिक कळत नाही. त्या माणसाने रानावर चांगला नकाशा काढून ठेवला होता आणि तो मी नगरमध्ये बसून फोनवरून पुसला होता.

तेवढ्यात जेसीबीवाला आला आणि खुंट्यांचं कळताच मावशींवरच घसरला. "खुंट्या कशाला काढल्या ओ? आता काय अंदाजानं खोदू?"

"चुकलं माजं," मावशी म्हणाल्या आणि चहा ठेवायला वळल्या.

मी गप्प बसलो. चहासुद्धा प्यायलो. त्याची लाज मला अजून वाटते.

मग डोकं थोडं चाललं. पाइपात तार सरकवली तर यंत्राला ती नक्की कळणार होती. मी तार मागितली, तर कशाला हे मावशींनी विचारलंसुद्धा नाही. दोरीऐवजी लावलेली कपड्यांची तार ओल्या लुगड्यांसकट सोडून आणली. विहिरीकडचा कॉक खोलून काढला, पाइपातलं पाणी काढलं आणि तार हळूहळू आत ढकलली. तिच्या बाहेरच्या टोकाला यंत्राचा सिग्नल जोडला. रस्त्याच्या कडेशी यंत्र वाजलं तेव्हा मी लहान पोरासारखा ओरडलो. पाइप माझ्या अंदाजापेक्षा चांगला चार हात डावीकडे होता. अंदाजाने खोदलं असतं तर बकेट थेट त्यावरच बसली असती.

फक्कीच्या रेघेपाशी जेसीबी थांबवून कुदळीने माती काढली. पाइप धडधाकट निघाला. त्याच्या खालून गटार गेलं, आम्ही तार ओढून काढली, कॉक परत बसवला आणि मावशींनी मोटार सुरू केली. सगळे बागेतल्या तोटीपाशी उभे. आधी नुसती हवा फुसफुसली. मावशींनी पदराचं टोक दातात धरलं होतं. मग पाणी आलं, गढूळ, आणि थोड्या वेळाने स्वच्छ.

जेसीबीवाला गेल्यावर मी एकदाचं बोललो. "मावशी, चूक तुमची नव्हती. खुंट्या सोडून बाकीचं उचला, असं मी सांगायला हवं होतं."

त्या पहिल्या झाडाच्या आळ्यात पाणी वळवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठाऊक हाय की. पानी आलं नसतं तर मी बोलले असते."