धक्क्यावरच्या चपला

बाबांनी सहा आठवड्यांत चौथ्यांदा तिकिटाचा विषय काढला तेव्हा मी पोळ्या करत होते, त्यामुळे लाटणं हातातच होतं. सहा महिन्यांसाठी आलेला माणूस दीड महिन्यात परत जायचं म्हणतो म्हणजे काय? मी म्हटलं, "इथं तुम्हाला काय कमी आहे ते एकदा सांगा."

ते म्हणाले, "कमी काहीच नाही. तेच तर."

आई जाऊन दोन वर्षं झाली. श्रीरामपूरच्या घरात बाबा एकटे, आणि मी इकडे अमेरिकेत, श्रूजबरीत, मीटिंगमध्ये बसून दर तासाला त्यांचं व्हॉट्सअ‍ॅपचं 'लास्ट सीन' बघणार. त्यांना इथं आणायला मी दीड वर्ष मनधरणी केली होती. ते आता परत गेले तर पुन्हा येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घराण्यात एकदा उठलेला माणूस त्याच पाटावर परत बसत नाही.

शेवटी तह झाला. एक वीकेंड माझा. मी नेईन तिथं यायचं, कुरकुर करायची नाही. रविवारी संध्याकाळी घरी आल्यावरही जायचंच म्हणाले, तर मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून तिकीट बदलायचं.

न्यायचं कुठं, हे नवऱ्यानं सुचवलं. नवरा नागपूरचा, स्वभावानं गार. त्यानं लायब्ररीच्या बोर्डावर वाचलं होतं की न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, जुन्या एरी कालव्यावर, शंभर-शंभर वर्षांच्या बोटींचं संमेलन भरतं. "यार, बाबांची अख्खी नोकरी कालव्यावर गेली," तो म्हणाला. "याहून भारी काय असणार?" खरंच होतं ते. बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. चौतीस वर्षं पाण्याच्या पाळ्या ठरवल्या, दारं उघडली, बंद केली आणि चोरून मोटार टाकणाऱ्यांना धाकात ठेवलं. मला वाटलं, जिंकलेच मी.

आता माझ्याबद्दलही सांगायला हवं. माझा स्वभाव जरा तापट आहे. नवरा म्हणतो, जरा नाही. त्या सहा आठवड्यांत मी बाबांना सगळ्यात जास्त वेळा काय म्हटलं असेल, तर "हात लावू नका." थर्मोस्टॅटला हात लावू नका. डेकवर धोतर वाळत घालू नका, शेजारचे बघतात. डिशवॉशर मीच लावते. शिडीला तर अजिबात हात लावू नका, चौऱ्याहत्तर वय झालंय. बेसमेंटमधला नळ गळत होता, त्याखाली त्यांनी बादली ठेवली आणि ते पाणी माझ्या टोमॅटोंना घालायला लागले. एकदा म्हणाले, वायसर गेलाय, मी बघतो. मी म्हटलं, प्लंबर येतोय, हात लावू नका. प्लंबरनं तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. मी काही वाईट हेतूनं बोलत नव्हते, पण बोलत होते.

शनिवारी पहाटे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि निघालो. चार तासांनी पोचलो तर कालव्याच्या दोन्ही काठांना बोटीच बोटी. लाल-हिरव्या रंगाच्या, उंच धुराड्यांच्या, पितळ घासून लखलखीत केलेल्या. धान्य वाहणाऱ्या, ओढून नेणाऱ्या, आणि आता म्हातारपणी नुसत्या मिरवणाऱ्या. बोटवाले खुर्च्या टाकून बसले होते, कुठं बँजो वाजत होता, कुठं मक्याची कणसं उकळत होती. मी बाबांकडे बघितलं. ते पाण्याकडे बघत होते.

"हे पाणी कुठल्या शेताला जातं?" त्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाही, बाबा. हा बोटींसाठी कालवा आहे."

ते काठाशी वाकले, पाणी कुठवर आलंय ते बघितलं. मग म्हणाले, "एवढा भरलेला कालवा, आणि एक एकरसुद्धा भिजत नाही?" त्यांच्या तोंडावर असं दुःख होतं की मला क्षणभर अमेरिकेच्या वतीनं माफी मागावीशी वाटली. त्यांच्या कालव्यात चौतीस वर्षांत दोन म्हशी, एक सायकल आणि एकदा लग्नाचं पातेलं वाहत आलं होतं, पण होडी कधीच नाही. "दिसली असती तर पंचनामा केला असता मी," ते म्हणाले.

कुरकुर करायची नाही हा शब्द त्यांनी पाळला, पण मागं हात बांधून तपासणी सुरू केली. सगळे लोक बोटी बघत होते आणि आमचे बाबा काठ बघत होते. भराव कुठं खचलाय, दगड कुठं निसटलाय, सगळी नोंद चाललेली. एका घराच्या मागून कालव्यात सोडलेला हिरवा पाइप दिसला मात्र, त्यांचे डोळे चमकले. "बघ. मोटार टाकलीये." मी त्यांना दंडाला धरून पुढं नेलं, नाहीतर त्या घराची बेल वाजली असती. संध्याकाळी मोटेलवर मी नवऱ्याला म्हटलं, संपलं सगळं, गेले बाबा. तो म्हणाला, "उद्याचा दिवस आहे नं अजून." अशा वेळी मला त्याचा फार राग येतो.

रविवारी सकाळी एका काळ्या-लाल बोटीपाशी थांबलो. बोटीची मालकीण सत्तरीच्या पुढची, डोक्यावर कप्तानाची टोपी, हातात कॉफीचा मग. ती या बोटीतच राहायची. खिडकीला पडदे, आत चूल, चुलीवर किटली. तिनं हात करून सगळ्यांना आत बोलावलं आणि स्वतः मागं इंजिन बघायला गेली. बाबा फळीपाशी थांबले, वाकले आणि चपला काढून कडेला नीट जोडीनं ठेवल्या. कोणाच्याही घरात, जिथं चूल आहे तिथं, पायताण घालून माणूस कसा जाईल? मी आणि नवऱ्यानंही काही विचार न करता बूट काढले. सवयच ती.

आमच्या मागं एक गोरं जोडपं होतं. त्यांनी आमचे बूट बघितले, एकमेकांकडे बघितलं आणि खाली बसून नाड्या सोडायला लागले. त्यांना वाटलं, नियमच आहे. त्यांचे बघून त्यांच्या मागच्यांनी काढले. एका आजोबांचे गुडघ्यापर्यंतचे बूट निघेनात, तर दोघांनी मिळून ओढले. मी सांगायला हवं होतं की अहो, आमचं आपलं घरगुती आहे, तुम्ही राहू द्या. पण सगळे इतक्या श्रद्धेनं करत होते की मला तोंड उघडवेना. कप्तानीण परत आली तर तिच्या बोटीत पंधरा माणसं उभी, बाबा अनवाणी आणि बाकीचे मोजे घालून. ती आपल्या चकचकीत फळ्यांकडे बघून म्हणाली, "तीस वर्षांत पहिल्यांदा कोणालातरी सुचलं."

मग भोंगा वाजला. बोटी लॉकमधून खाली जायच्या होत्या. लॉक म्हणजे दोन प्रचंड दारांमधला खोल हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडायचं, की बोट लिफ्टसारखी दीड माळा खाली उतरते. तिनं विचारलं, कोणाला यायचंय? सगळेच हो म्हणाले. दोर सुटले, बोट हलली, काठ मागं जायला लागला. पहिल्यांदा बाबांच्याच लक्षात आलं. अगदी शांतपणे ते म्हणाले, "अगं, चपला राहिल्या."

धक्क्यावर पंधरा जोड रांगेत उभे होते आणि आम्हाला निरोप देत होते. मी कपाळावर हात मारला. बोटीत एकदम कालवाकालव झाली, पण बोट काही बस नाही, की कंडक्टरला सांगून थांबवावी.

लॉकमध्ये शिरेपर्यंत निम्मे लोक हसत होते आणि निम्मे माझ्याकडे बघत होते. मी बाबांना शोधलं, तर ते पार पुढच्या टोकाला. अनवाणी उकिडवे बसून लॉकच्या दाराचं निरीक्षण करत होते. कप्तानिणीचा मदतनीस मागचा दोर धरून होता आणि पुढच्या दोराला माणूस नव्हता. तिनं एकदा बोटीवरच्या सगळ्यांवर नजर टाकली. मग सरळ बाबांकडे गेली, वरच्या खुंट्याला वेढा दिलेल्या दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "होल्ड धिस." पाणी उतरेल तसा सैल सोडायचा, ताणून धरलात तर बोट लटकेल आणि फार सोडलात तर भिंतीवर आपटेल.

बाबा म्हणाले, "नोटेड, मॅडम." खात्याच्या फायलींवर त्यांनी चौतीस वर्षं हेच लिहिलं होतं.

आणि मी, मोजे घालून, पंधरा लोकांच्या मधून, मराठीत ओरडले, "बाबा, हात लावू नका."

त्यांनी दोर सोडला नाही, पण मान खाली घातली. शाळेत पोरगं घालतं तशी. कप्तानिणीला मराठी कुठून कळणार, पण सूर कळला असावा. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांना येतंय ते. तुम्ही जरा बाजूला व्हा." माझ्याच बापाबद्दल मला. माझ्या कानशिलांपर्यंत संताप चढला आणि तिथंच विरला, कारण तिचं बरोबर होतं.

पाणी उतरायला लागलं. बाबा वर, खाली, पाण्याच्या रेषेकडे बघत वीतवीत दोर सोडत होते. आम्ही ओल्या भिंतींच्या मध्ये खाली खाली चाललो होतो, पण बोट एकदाही हिसकली नाही. खाली पोचल्यावर तिनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. मी त्यांचा असा चेहरा आई असताना पाहिला होता.

पुढची गंमत खाली कळली. वर जायची पाळी आता दुसऱ्या बोटींची होती, आमची पाळी दुपारनंतर. "पाळी म्हणजे पाळी," बाबा म्हणाले. त्यांना हे फार पटलं. मग आम्ही पंधरा माणसं खडीच्या रस्त्यानं अनवाणी चढून वर निघालो. कोणी ओय करतंय, कोणी गवत शोधतंय, नवरा एका पायावर नाचतोय. सगळ्यांच्या पुढं बाबा, हात मागं बांधून, कालव्याच्या भरावावरून रोज चालायचे तसे.

वर पोचलो तर चपला जागच्या जागी होत्या. फक्त आता ते पंधराच जोड नव्हते. आमच्या पाठीमागे जे आले त्यांनी ती रांग बघून शेजारच्या बोटीपाशीही बूट काढले होते, आणि त्यांचे बघून तिसरीपाशी. सगळ्या धक्क्याला देवळाबाहेरची कळा आली होती. एक माणूस हातात माइक घेऊन काकुळतीनं सांगत होता की बूट काढायची सक्ती नाही. कोणी ऐकत नव्हतं. बाबांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "लोक चांगले आहेत इथले."

निघताना त्यांनी कप्तानिणीला दोन दशम्या दिल्या. गाडीत ते सगळा रस्ता दोराबद्दल बोलत होते. मी मनात म्हटलं, जमलं.

साडेसहाला घरी पोचलो. बाबा हातपाय धुऊन डायनिंग टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि पासपोर्ट समोर ठेवला. "काढ लॅपटॉप," ते म्हणाले. "मजा आली. खरंच आली. पण ठरलंय आपलं."

माझा आवाज चढणारच होता. मुद्दे तयार होते, डोळ्यांत पाणीही तयार होतं. मी लॅपटॉप उघडला, पासवर्ड दोनदा चुकवला. घर शांत होतं आणि खाली बेसमेंटमध्ये नळ गळत होता. टप. टप. मला एकदम त्या दोराचं टोक आठवलं. दीड महिना हा माणूस माझ्या घरात नुसता उभा होता आणि त्याच्या हातात मी काहीच दिलं नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला. "बाबा, खालचा नळ फार गळतोय. जरा बघता का?"

"प्लंबर येणार होता ना?"

"कॅन्सल केला." केला नव्हता. पाच मिनिटांनी जिन्यात उभं राहून केला.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग पासपोर्ट बाजूला सरकवला. "पाना आहे का घरात?"

नवरा टूलबॉक्स घेऊन आला. बाबा म्हणाले, "हे तर उघडलेलंच नाही कधी." आणि दहा मिनिटांत नळ गळायचा थांबला. दहा मिनिटांत. मी जिन्यावर उभी राहून हिशोब करत होते की अजून साडेचार महिने काढायचेत आणि घरात गळका नळ एकच होता.

म्हणून सोमवारी सकाळी बाबा फिरायला गेले तेव्हा मी पाना घेतला, वरच्या गेस्ट बाथरूमचं दार लावून घेतलं आणि तिथला नळ चांगला ढिला करून ठेवला.

संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "काय घर घेतलंय तुम्ही. वरच्या बाथरूमचा गळतोय, किचनचाही गळतोय. एकेक बघावं लागणार मला. तिकिटाचं राहू दे सध्या." आणि आणखी आमटी वाढून घेतली.

किचनच्या नळाला मी हात लावला नव्हता. मी नवऱ्याकडे बघितलं. तो खाली मान घालून भात कालवत होता.