विस्तव मागायला गेलो तेव्हा

जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात मी ज्वलनावर संशोधन करतो. ज्योत कशी पेटते, का विझते, यावर माझे पेपर आहेत. त्यामुळे अश्मयुगीन जीवनाच्या कार्यशाळेला आम्ही तिघं गेलो, तेव्हा आठ वर्षांच्या लेकीने तिथल्या आजोबांना जपानीत ठणकावून सांगितलं, "माझे बाबा आगीचे डॉक्टर आहेत!"

आजोबा निवृत्त शिक्षक, आता हौसेने हे शिकवणारे. त्यांनी मला कमरेत वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांसमोर बसवलं.

फळीच्या खाचेत काठी उभी धरायची आणि रवीसारखी तळव्यांत घुसळायची. बस्स. मी घुसळली. धूर आला. टाळ्या पडल्या. धूर गेला. दहा मिनिटांनी माझ्या तळहातांना फोड आले होते आणि काठी थंडगार होती.

"घर्षण कमी पडतंय," मी बायकोला म्हणालो.

"जोर कमी पडतोय," ती म्हणाली आणि स्वतः बसली. ती पुण्यात बँकेत होती, आगीशी संबंध फक्त गॅसचा. पण तिने चक्क लालबुंद ठिणगी पाडली! मी धावत जाऊन सुक्या गवतात ती धरली आणि फुंकर मारली. जरा जास्तच मारली. विझली.

बायकोने माझ्या हातातलं गवत काढून घेतलं. तेच जास्त लागलं.

एव्हाना शेजारच्या कुटुंबाची शेकोटी छान पेटली होती. मी पुन्हा काठी उचलली, तर आजोबांनी हात धरला. "रोज नवी आग कोण पेटवत बसलं असेल? एकदा पेटली की लोक ती जपत असतील. विझली, तर शेजाऱ्यांकडे जात असतील."

"म्हणजे मागून आणायची?" मी विचारलं.

"सुमिमासेन, माफ करा, असं म्हणायचं आणि मागायची."

मग आगीचे डॉक्टर हातात शिंपला घेऊन शेजाऱ्यांकडे गेले. तिथल्या आजींनी शिंपल्यात राख घालून त्यावर दोन निखारे दिले, वर हसत म्हणाल्या, "हळू फुंका हं." सगळं त्यांनी पाहिलं होतं.

या वेळी फुंकर लेकीने मारली. गवत धुमसलं, भडकलं. आम्ही त्यावर चेस्टनट भाजले. एक फुटून माझ्या चष्म्यावर उडाला, बाकीचे आजींबरोबर वाटून खाल्ले. काळ्या काचेसारख्या दगडाच्या पात्याने बायकोने रताळी चिरली आणि हे पातं आपल्या सुरीपेक्षा बरं आहे, असं जाहीर केलं.

चार वाजता आजोबा पाण्याची बादली घेऊन आले. लेक आगीसमोर हात पसरून उभी राहिली.

"विझवायची नाही! मी रात्रभर बसते."

आजोबांनी बादली खाली ठेवली. गंभीरपणे विचारलं, "झोप आली तर?"

"आईला उठवीन."

"बाबांना नाही?"

लेकीने माझ्याकडे बघितलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "ते फुंकर मारतात."