गॅसचा वास

आज सकाळी पेपरात गॅसच्या पाइपलाइनींसाठी येऊ घातलेल्या नव्या कायद्याची बातमी होती. शेजारच्या मालूताई पेपर मागायला आल्या आणि दारातच उभ्या राहून बातमीवरून बोट फिरवत वाचू लागल्या. गळतीची तक्रार आली की त्याच दिवशी माणूस पाठवावाच लागेल, या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी जमिनीखालचा पाइप फुटून भडका उडाला, त्यात त्यांचे यजमान गेले. तिथेच त्यांची इस्त्रीची टपरी होती. गॅसचा वास येतो म्हणून ते आठवडाभर गॅस कंपनीला फोन करत होते. "नोंद घेतली आहे," एवढंच उत्तर मिळायचं.

"एकट्याचीच तक्रार, म्हणून कुणी आलं नसेल," मालूताई म्हणाल्या. "तुम्हाला कधी आला होता का हो वास?"

"नाही," मी म्हणालो.

त्या पेपर घेऊन गेल्या. माणसं गेल्यावरच कायदे का सुचतात, असं एरवी मी तावातावानं विचारलं असतं. पण वास मला रोज येत होता. मी खिडकी लावून घ्यायचो, कारण फोन ते करतच होते.